वैद्यकीय कॅनबिस आणि आहारतज्ज्ञ: पेशंटला विचारायचं काय, सांगायचं काय?

पथ्यकर

मंडळी, मी प्रामुख्याने कॅन्सरच्या पेशंट्सचा आहार बघते. हल्ली एक प्रश्न वारंवार येतो, तोही दबक्या आवाजात. "मॅडम, त्यानं भूक वाढते म्हणतात. सुरू करू का?" 'त्यानं' म्हणजे कशानं, हे कुणी उघड बोलत नाही. काहींचं तर आधीच सुरू असतं. तासभर बोलणं होतं, आहाराचा तक्ता हातात पडतो आणि मग दाराशी उभं राहून सांगतात, "ते तेल पण घेतोय हं थोडं."

कॅनबिसबद्दल (म्हणजे गांजा-भांगेचं झाड आणि त्यापासूनची तेलं-औषधं) आम्हाला शिकताना कुणी चकार शब्द सांगितला नाही. सहकारी म्हणतात, आपला विषय नाही, डॉक्टरांकडे पाठव. मला हे पटत नाही. भूक, वजन, मळमळ, तोंडाची चव, औषध जेवणाआधी की जेवणानंतर, यातलं आपलं नाही असं काय आहे?

दोन विनंत्या. कायद्यावर वाद नको, तो देशोदेशी वेगळा आहे आणि ज्याने त्याने आपापल्या ठिकाणचा बघावा. 'द्यावं की नाही' हेही नको, लिहून देणं आपलं काम नाही. मला एवढंच हवंय: आहारतज्ज्ञाला किमान किती ठाऊक असावं आणि ते पेशंटसमोर कसं वापरावं?

चष्मिष्ट

भुकेवरचा धागा म्हणजे पॉपकॉर्न घेऊन बसणं आलंच. वाचतोय.

औषधी_डबा

चांगला विषय काढलात. मी हॉस्पिटल फार्मसीत आहे, तेव्हा पायापासून सुरुवात करतो.

'कॅनबिस' म्हणजे एक औषध नव्हे. त्या झाडात शंभराहून जास्त कॅनाबिनॉइड्स, म्हणजे त्या झाडाची खास रसायनं, आहेत. आपल्या कामाची मुख्यतः दोन, टीएचसी आणि सीबीडी. टीएचसी १९६४ मध्ये रफाएल मेकूलम आणि येहिएल गाओनी यांनी शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. नशा होते ती त्याची, आणि भूक चाळवते तीही त्याचीच. ते शरीरातल्या सीबी१ रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या एका बटणावर, काम करतं. हे रिसेप्टर मेंदूच्या भूक सांभाळणाऱ्या भागात आहेत, तसेच आतड्याच्या चेतातंतूंवरही आहेत. म्हणून टीएचसीने मळमळ कमी होते, जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो, तोंड कोरडं पडतं.

सीबीडीची जात वेगळी. नशा नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत शुद्ध सीबीडीचं औषध ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या अपस्माराच्या दोन अवघड प्रकारांसाठी मंजूर झालं. त्याच्या माहितीपत्रकातले नेहमीचे दुष्परिणाम वाचा: झोपाळूपणा, जुलाब, भूक कमी होणं, वजन घटणं.

तेव्हा पेशंट म्हणाला "त्यानं भूक वाढते" की तुमचा पहिला प्रश्न असावा, "बाटलीवर काय लिहिलंय?" बारीक होत चाललेला माणूस भूक लागावी म्हणून महागडं सीबीडी तेल घेत बसलाय, हे मी पाहतो. त्याला हवं ते त्या बाटलीत नाहीच.

रानजाई

माझं मत जरा कडू आहे. शेवटी गांजाच ना? 'वैद्यकीय' असं विशेषण चिकटवलं की सगळं सोवळं होतं. आहारतज्ज्ञाने त्याबद्दल चार वाक्यं बोलली की पेशंट घरी जाऊन सांगणार, "मॅडमनी पण घ्या म्हटलंय." आपण या फंदात पडूच नये.

औषधी_डबा

@रानजाई, तुमची भीती अनाठायी नाही, पण एक बघा. ड्रोनाबिनॉल म्हणजे कारखान्यात बनवलेलं टीएचसी. केमोच्या मळमळीवर दुसऱ्या औषधांनी भागलं नाही तर द्यायला त्याला १९८५ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. १९९२ मध्ये एड्सच्या पेशंट्सची भूक मरते, वजन उतरतं, त्यासाठीही. ठरलेली मात्रा असलेली कॅप्सूल आहे ती. ही कॅप्सूल आणि कुणीतरी घरात तव्यावर बनवलेलं काळं तेल, दोघांना एकाच शब्दात गुंडाळलं तर पेशंटला काय सांगणार?

दोन_वेण्या

मी या व्यवसायातली नाही, आई आहे. मुलीला अपस्मार आहे आणि ती तज्ज्ञ डॉक्टरांनी लिहून दिलेलं सीबीडी घेते. पथ्यकरताई, तुमचा प्रश्न वाचून लिहावंसं वाटलं.

औषध म्हणजे काचेच्या बाटलीतलं तेलकट, स्ट्रॉबेरीच्या वासाचं द्रावण, सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला सोडायचं. डॉक्टरांनी मात्रा नीट समजावली. जेवणाचं मात्र कुणी बोललं नाही. सकाळचं औषध कधी रिकाम्या पोटी जायचं, कधी पोटभर नाश्त्यानंतर, शाळेच्या घाईवर अवलंबून. काही दिवस ती डोळे उघडायची नाही इतकी सुस्त, काही दिवस एकदम टक्क जागी. आम्ही त्याचा संबंध झोपेशी, हवेशी, परीक्षेशी लावत बसलो. शेवटी एका फार्मासिस्टबाईंनी विचारलं, "रोज जेवणाच्या बाबतीत सारखंच देता का?" त्या दिवसापासून वेळ आणि नाश्ता दोन्ही बांधून घेतले. चढउतार बरेच कमी झाले.

त्या हॉस्पिटलात तोवर आहारतज्ज्ञही आम्हाला दोनदा भेटून गेल्या होत्या. वजन कमी होतंय म्हणून "तूप-तेल वाढवा" म्हणाल्या. औषध कोणतं चालू आहे हे काही विचारलं नाही.

चष्मिष्ट

बापरे. पॉपकॉर्न बाजूला ठेवलं.

औषधी_डबा

@दोन_वेण्या, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा. आकडे ऐका. निरोगी माणसांना हेच सीबीडी द्रावण भरपूर स्निग्ध, भरपूर कॅलरीच्या जेवणाबरोबर दिलं तेव्हा रक्तातली कमाल पातळी उपाशीपोटीच्या सुमारे पाचपट झाली आणि एकूण शोषण सुमारे चौपट. मिलिलिटर तेवढेच, शरीरात पोचतं ते चौपट! म्हणजे आहारतज्ज्ञाने "तूप-तेल वाढवा" म्हणणं हा नकळत मात्रेतला बदल असू शकतो. वाढवू नका असं नाही, वाढवताना डॉक्टरांना कळवा.

आणखी एक. त्या द्रावणाचा आधार तिळाचं तेल आहे, ड्रोनाबिनॉलच्या मऊ कॅप्सूलमध्येही तेच असतं. तिळाची ॲलर्जी विचारणं तर आपल्याला पाठ आहे ना? शिवाय द्रावणात थोडं अल्कोहोल आणि सुक्रॅलोज असतं. अपस्माराची बरीच मुलं कीटोजेनिक (कर्बोदकं अगदी कमी, स्निग्ध भरपूर) आहारावर असतात, तिथे औषधातलं हे तेलसुद्धा हिशेबात धरावं लागतं.

अर्धविराम

पथ्यकर, मी किडनी प्रत्यारोपणाच्या विभागात आहारतज्ज्ञ आहे. आमच्याकडे एक गोष्ट कटाक्षाने विचारतो: कुठलंही सीबीडी तेल चालू आहे का? शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी सीबीडीमुळे वाढू शकते. टॅक्रोलिमस जास्त झालं की त्रास नव्या किडनीलाच. 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' हे वाक्य आमच्या विभागात ऐकलं की सगळ्यांचे कान टवकारतात.

ग्रेपफ्रूट टाळा हे आपण सांगतोच, कारण औषधांची विल्हेवाट लावणाऱ्या एन्झाइम्सना ते अडवतं. टीएचसी आणि सीबीडी दोन्हींच्या विल्हेवाटीत यकृतातल्या त्याच घराण्यातल्या एन्झाइम्सचा हात असतो, तेव्हा तो सल्ला इथेही लागू.

औषधी_डबा

+१. यादीत रक्त पातळ करणारं वॉरफरिन घाला, रक्त पातळ राहण्याचं प्रमाण बिघडू शकतं. व्हिटॅमिन के त्याच्या उलट काम करतं म्हणून आहारतज्ज्ञ ते मोजत बसतो आणि कारण असतं तिसरंच. अपस्मारावरचं क्लोबाझमही घाला, सीबीडीमुळे त्याचं क्रियाशील रूप रक्तात सुमारे तिप्पट होतं आणि पेशंट पेंगत राहतो. व्हॅल्प्रोएट या अपस्माराच्याच औषधाबरोबर सीबीडी असेल तर यकृताच्या तपासण्यांवर डोळा ठेवावा लागतो.

शंकेखोर

सगळं ठीक, पण मूळ दाव्याला कुणी हातच लावत नाहीये. भूक वाढते, बरं. वजन वाढतं का? कॅन्सरमध्ये?

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत कॅन्सरमुळे भूक मेलेल्या पेशंट्समध्ये मेजेस्ट्रॉल (भूक वाढवण्यासाठी देतात ते एक हार्मोनसारखं औषध) आणि ड्रोनाबिनॉल समोरासमोर ठेवले. भूक सुधारली असं सांगणारे मेजेस्ट्रॉल गटात ७५ टक्के, ड्रोनाबिनॉल गटात ४९ टक्के. वजन दहा टक्के किंवा जास्त वाढलेले ११ विरुद्ध ३ टक्के. दोन्ही एकत्र देऊन वेगळा फायदा दिसला नाही. २००६ च्या दुसऱ्या एका चाचणीत झाडाचा अर्क, टीएचसी आणि नुसतं प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ मात्रा) असे तीन गट होते. भुकेत फरक सापडला नाही.

अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमीजने २०१७ मध्ये सगळा पुरावा चाळून मोठा अहवाल दिला. केमोची मळमळ-उलटी, प्रौढांमधलं जुनाट दुखणं आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा, या तिन्हींसाठी पुरावा भक्कम ठरवला. एचआयव्हीतल्या भूक-वजनासाठी 'मर्यादित'. कॅन्सरच्या कॅकेक्सियासाठी (आजारात वजन आणि स्नायू झिजणं) आणि ॲनोरेक्सिया नर्व्होसासाठी (जाड होण्याच्या भीतीने खाणं टाळण्याचा मानसिक आजार) 'अपुरा'. ज्या कामासाठी तुमचे पेशंट विचारतायत, नेमकं तिथेच हात आखडता आहे.

पथ्यकर

@शंकेखोर, धन्यवाद, हेच हवं होतं. फक्त थोडी भर. कॅकेक्सियात स्नायू झिजतात ते नुसतं कमी खाण्यामुळे नाही. शरीरातली दाह-प्रक्रिया चयापचयच वाकडं करून ठेवते, त्यामुळे ताटातलं दुप्पट झालं तरी दंडाचा घेर तसाच राहू शकतो. हे नातेवाइकांना समजावताना माझी सगळ्यात जास्त शक्ती जाते.

पण वजन वाढलं नाही म्हणजे उपयोग शून्य, असंही मी म्हणणार नाही. २०११ मध्ये कॅनडातल्या एका छोट्या चाचणीत ज्या कॅन्सर पेशंट्सची चव बिघडली होती त्यांना टीएचसी दिलं. अन्न आधीपेक्षा चांगलं लागू लागलं असं त्यांनी जास्त प्रमाणात सांगितलं, आणि आहारातल्या कॅलरींमधला प्रथिनांचा वाटाही वाढला. चाचणी लहान आहे, मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण ज्याला प्रत्येक घास धातूसारखा लागतो त्याला विचारा चवीचं मोल.

चष्मिष्ट

एक बाळबोध शंका. सीबी१ ने भूक लागते, तर तेच बटण बंद करून आम्हा सुदृढ लोकांचं भलं करता येणार नाही का? (दिवे घ्या.)

शंकेखोर

केलंय की ते. रिमोनाबँट. सीबी१ ला अडवणारं औषध, युरोपात २००६ मध्ये लठ्ठपणासाठी आलं. वजन खरोखर उतरायचं. पण सोबत नैराश्य, चिंता, आत्महत्येचे विचार. २००८ मध्ये बाजारातून काढलं. अमेरिकेत मंजुरी मिळालीच नाही. भुकेचं आणि आनंदाचं वायरिंग तिथे एकमेकांत गुंतलेलं आहे.

चष्मिष्ट

म्हणजे बारीक झालो असतो, पण त्याचा आनंद झाला नसता. राहू दे, पॉपकॉर्न परत आणतो.

अर्धविराम

त्यावरून आठवलं. लोकसंख्येच्या पाहण्यांमध्ये नियमित कॅनबिस वापरणाऱ्यांचा सरासरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) न वापरणाऱ्यांपेक्षा जास्त नव्हे, बऱ्याचदा कमी निघतो, आणि खाल्लेल्या कॅलरी मात्र जास्त. यावरून इंटरनेटवर 'गांजाने वजन घटवा' असे बहाद्दर तयार झालेत. पाहणी आहे ती, चाचणी नव्हे. वय, तंबाखू, राहणीमान, पन्नास गोष्टी मध्ये येतात. पेशंटने हे दाखवलं तर वाद घालू नका, पण मान्यही करू नका.

आपत्कालीन_खाट

उशिरा आलो. अपघात विभागात डॉक्टर आहे. आतापर्यंत एक शब्द कुणीच काढला नाही याचं आश्चर्य वाटलं: कॅनाबिनॉइड हायपरएमेसिस.

नियमित, रोजच्या रोज, वर्षानुवर्षं कॅनबिस वापरणारा माणूस एके दिवशी ओकायला लागतो. थांबतच नाही. काही दिवसांनी आपोआप बरं वाटतं, पुन्हा काही आठवड्यांनी तोच प्रकार. २००४ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी याचं पहिलं नीट वर्णन केलं. ओळखायची खूण विचित्र आहे: गरम पाण्याच्या आंघोळीने आराम पडतो. पेशंट दिवसातून पाच-सहा वेळा कढत पाण्याखाली उभा असतो. कातडी लाल झालेली दिसते. नेहमीची उलटीची औषधं बऱ्याचदा तोकडी पडतात. पोटावर कॅप्सेसिनचं (मिरचीतला तिखट घटक) मलम लावून काहींना फायदा होतो. खरा उपाय एकच, वापर पूर्ण बंद करणं.

हे पेशंट तुमच्याकडे 'ॲसिडिटीचं पथ्य' म्हणून येतात. तिखट बंद करा, दर दोन तासांनी थोडं थोडं खा, असं सांगून होतं, फरक काही पडत नाही. त्यात मळमळ थांबावी म्हणून पेशंट वापर आणखी वाढवतो. वारंवार उलट्या आणि वजन उतरतंय अशा माणसाला आंघोळीबद्दल विचारा. विचित्र वाटेल, पण विचारा. आणि बरेच दिवस पोटात काही टिकलेलं नसेल तर खाणं एकदम भरघोस सुरू करू नका. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि थायमिनची काळजी आधी. रीफीडिंग, म्हणजे उपासानंतर एकदम खाल्ल्याने रक्तातले हे क्षार धोकादायक घसरणं, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

रानजाई

बघा, मी काय म्हणत होते!

आपत्कालीन_खाट

@रानजाई, तुम्ही म्हणत होतात की विचारूच नये. मी म्हणतोय विचारा. :)

रानजाई

बरं बरं. हा गुण तुम्हाला.

रात्रपाळी

नर्स आहे. खाण्याच्या रूपातल्या मालाबद्दल दोन शब्द, कारण त्याचा थेट संबंध तुमच्याशी. गमी, चॉकलेट, केक. ओढलं तर काही मिनिटांत परिणाम जाणवतो आणि दोन-चार तासांत ओसरतो. खाल्लं तर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत काहीच कळत नाही, मग चढतं आणि सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त टिकतं. पोटातून गेलेलं टीएचसी यकृतात दुसऱ्या रूपात बदलतं आणि ते रूपही तितकंच जोरदार. ठरलेला घोळ असा: एक तुकडा खाल्ला, तासभर काही झालं नाही, "यात दम नाही" म्हणून दुसरा खाल्ला. मग दोन्ही एकदम. धडधड, घबराट, तोल जाणं. म्हातारी माणसं पडतात.

घरी बनवलेल्या केकमध्ये टीएचसी सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, एका तुकड्यात नगण्य, शेजारच्यात भरमसाट. आणि लहान मुलाला तो केक केकच दिसतो. कुलूप हा शब्द तुमच्या आहाराच्या सल्ल्यात यायला हरकत नाही.

अजून एक, केमो चालू असलेल्यांसाठी: कच्च्या, वाळवलेल्या पानाफुलांवर ॲस्परजिलससारखी बुरशी असू शकते. पांढऱ्या पेशी कमी असताना आपण कच्च्या भाज्यांबद्दल इतकं जपतो आणि हे विसरतो.

पथ्यकर

वेळेचा मुद्दा फारच महत्त्वाचा. भुकेसाठी ड्रोनाबिनॉल सुरू करताना नेहमीची मात्रा २.५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाआधी. म्हणजे दिवसातलं सगळ्यात सकस ताट कधी ठेवायचं हे ठरवणं पूर्णपणे आपल्या हातात आहे. भूक उघडायच्या वेळेला समोर चहा-बिस्किट असेल तर काय कामाचं?

शब्दकोडं

अवांतर: जिममधल्या मित्राने हेम्प सीड्स (याच झाडाच्या बिया) घ्यायला सांगितल्यात प्रोटीनसाठी. त्यानेही असंच काहीतरी होतं का?

अर्धविराम

नाही. त्या बिया आहेत, त्यात टीएचसी जवळजवळ नसतं, असलंच तर बाहेरून चिकटलेलं. सोललेल्या बियांच्या ३० ग्रॅममध्ये साधारण साडेनऊ ग्रॅम प्रथिनं, आणि ओमेगा-६ व ओमेगा-३ साधारण तीनास एक. चांगलं अन्न आहे, औषध नाही. हेम्प बियांचं तेल आणि सीबीडी तेल या मात्र दोन वेगळ्या बाटल्या. पहिल्यात सीबीडी नसल्यातच जमा. लोक पहिली घेतात आणि दुसरीचे गुण गातात.

शंकेखोर

आणि दुसरी बाटली घेतली तरी आत काय आहे देव जाणे. २०१७ मध्ये ऑनलाइन मिळणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली, लेबलप्रमाणे माल फक्त ३१ टक्क्यांत. ४३ टक्क्यांत लिहिल्यापेक्षा जास्त सीबीडी, २६ टक्क्यांत कमी. १८ नमुन्यांत टीएचसी सापडलं. नोकरीत लघवीची तपासणी होणाऱ्याला हे सांगायलाच हवं.

ब्रिटनच्या अन्न नियामकाने निरोगी प्रौढांसाठी सीबीडीची दैनंदिन मर्यादा २०२० मध्ये ७० मिलिग्रॅम सुचवली होती, २०२३ मध्ये ती १० वर आणली. यकृत आणि थायरॉइडची चिंता. विकत मिळतं म्हणजे निर्धास्त, हा हिशेब चुकीचा.

पथ्यकर

बराच माल जमला. आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मी पहिल्या भेटीच्या फॉर्मसाठी मसुदा केलाय:

"व्यसनं: तंबाखू / दारू / कॅनबिस. असल्यास प्रकार (ओढणे, खाणे, थेंब), लेबलवरील टीएचसी-सीबीडीचं प्रमाण, किती वेळा, जेवणाआधी की नंतर, कशासाठी, त्यानंतर भूक-वजन-उलटी यात झालेला बदल."

गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या असतील, स्वतःला किंवा घरात कुणाला सायकोसिस (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) असेल, हृदयविकार असेल, तर सल्ला देत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांनाही. अजून काय राहिलं?

दोन_वेण्या

ताई, माझी मुलगी डॉक्टरांनी दिलेलं औषध घेते. तुमच्या फॉर्ममध्ये मी ते 'व्यसनं'च्या रकान्यात लिहिणार नाही. कुठलीच आई लिहिणार नाही.

रात्रपाळी

अगदी अगदी. आणि माझे म्हातारे पेशंट 'कॅनबिस' वाचून सरळ 'नाही' लिहितील. त्यांच्या लेखी ते 'झोपेचं तेल' असतं.

रानजाई

मी तर म्हणते छापील फॉर्मवर भरवसाच ठेवू नका. तोंडी विचारा, सगळ्यांना, त्याच सुरात ज्यात व्हिटॅमिनच्या गोळ्यांबद्दल विचारता. नातेवाइकांना पाच मिनिटं बाहेर बसवून. आणि उत्तर कुठे नोंदवणार, कोण वाचणार, हे आधी सांगा. (होय, मीच बोलतेय. हलके घ्या.)

पथ्यकर

बदललं. 'औषधं, गोळ्या, तेलं, थेंब, काढे: डॉक्टरांनी दिलेलं किंवा स्वतःहून घेतलेलं' या रकान्याखाली नेलं, 'कॅनबिस / सीबीडी / झोपेचं किंवा दुखण्याचं तेल' असे तिन्ही शब्द घातले, आणि शेजारी माझ्यासाठी टीप: बाटली पुढच्या वेळी सोबत आणायला सांगणे.

औषधी_डबा

पुढच्या वेळी कशाला? लेबलचा फोटो आजच मागवा. आणि तिळाची ॲलर्जी राहिली बघा.